पहिला नंबर, पण कशात?

आमच्या तालुक्याच्या सरकारी रुग्णालयाच्या दारावर स्वच्छतेच्या पुरस्काराचा फलक लागला, त्याच आठवड्यात माझ्या मावशीला तिथल्या औषधखिडकीवरून रिकाम्या हातानं परतावं लागलं. रक्तदाबाची गोळी संपली होती. खिडकीतल्या माणसानं केसपेपरच्या मागे 'बाहेरून घ्या' असं लिहून दिलं. मावशी पायरीवर टेकली, फलकाकडे बघत राहिली आणि मला म्हणाली, "पहिला नंबर आलाय म्हणे. कशात?"

तिनं रागानं विचारलं नव्हतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि फलक खोटाही नव्हता. फरशी लख्ख होती, कचऱ्याचे पिवळे, लाल, निळे डबे जागच्या जागी होते, संडासात साबण होता. स्वच्छतेत ते रुग्णालय पहिलं आलं असेल तर मला नवल वाटत नाही. पण मावशी तिथं फरशी बघायला गेली नव्हती.

मी संख्याशास्त्र शिकवते. कॉलेजांचे क्रमांक, शहरांचे क्रमांक, रुग्णालयांचे गुण, बँकांची प्रतवारी असं काहीतरी दर महिन्याला बातम्यांत येतं, आणि ओळखीतलं कोणीतरी विचारतं की हे ठरवतात तरी कसं? त्यामागे गणिताची एक शाखा आहे. ती समजायला अवघड नाही. अवघड आहे ते तिच्यातला मुख्य निर्णय कुठे दडलाय हे ओळखणं.

पत्रिकेतले छत्तीस गुण

लग्नाची बोलणी सुरू झाली की विचारतात, किती गुण जुळले? पत्रिकेवर तुमचा विश्वास असो वा नसो, निव्वळ मोजण्याची रीत म्हणून गुणमेलनाकडे बघा. आठ बाबी तपासतात: वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी. सगळ्यांना सारखं महत्त्व नाही. वर्णाला १ गुण, वश्याला २, असं चढत नाडीला ८. बेरीज ३६. अठराच्या खाली आले तर स्थळ पुढे नेत नाहीत. आणि नाडी सोडून उरलेले सगळे २८ गुण जुळले, तरी एकनाडी निघाली की अनेक घरांत बोलणी तिथंच थांबतात.

या जुन्या रिवाजात आपल्याला लागणारं जवळपास सगळं आहे. ज्या आठ बाबी तपासल्या ते निकष. कुणाला १ आणि कुणाला ८ गुण, तो त्यांचा भार. अठराची रेघ म्हणजे उंबरठा. आणि एकनाडीनं सगळं फिसकटणं म्हणजे एका निकषाचा नकाराधिकार.

एकमेकींशी जुळवून न घेणाऱ्या अनेक बाबी एकदम तोलून निवड करायची किंवा क्रम लावायचा, तेव्हा ज्या गणिती रीती वापरतात त्यांना मिळून अनेकनिकषी निर्णयपद्धती म्हणतात. हे जड नाव पुन्हा वापरावं लागणार नाही. निकष आणि भार हे दोन शब्द लक्षात राहिले तरी पुरे.

मिनिटं आणि टक्के यांची बेरीज कशी करायची?

एक लहान उदाहरण पूर्ण सोडवून बघू. आकडे समजण्यासाठी घेतलेले आहेत. समजा जिल्ह्यात तीन ग्रामीण रुग्णालयं आहेत: एक नदीकाठचं, एक घाटावरचं, एक महामार्गालगतचं. निकष तीन घेऊ. तपासणीत स्वच्छतेला १०० पैकी मिळालेले गुण, ओपीडीत डॉक्टरांपर्यंत पोचायला लागणारी मिनिटं, आणि आवश्यक १०० औषधांपैकी साठ्यात असलेली औषधं.

नदीकाठचं: स्वच्छता ९०, वेळ ८० मिनिटं, औषधं ६०.
घाटावरचं: स्वच्छता ६०, वेळ ३० मिनिटं, औषधं ७५.
महामार्गालगतचं: स्वच्छता ७५, वेळ ६० मिनिटं, औषधं ९०.

हे आकडे तसेच बेरजेत टाकता येत नाहीत. एक तर ८० मिनिटं आणि ९० गुण ही वेगवेगळी मापं. शेर आणि फूट यांची बेरीज होत नाही तसंच. शिवाय स्वच्छतेचा आकडा मोठा असेल तर चांगलं, वेळेचा मोठा असेल तर वाईट. म्हणून आधी सगळ्यांना एका मापावर आणायचं. सगळ्यांत सोपी रीत अशी: प्रत्येक निकषात जो सर्वांत चांगला त्याला १००, सर्वांत वाईट त्याला ०, मधल्याला प्रमाणात. औषधांत महामार्गाला १००, नदीकाठाला ०, घाटाला ५०. वेळेत घाटाला १००, नदीकाठाला ०, महामार्गाला ४०. स्वच्छतेत नदीकाठाला १००, घाटाला ०, महामार्गाला ५०.

आता भार लावून बेरीज. तिन्ही निकष सारखेच धरले तर महामार्ग ६३, घाट ५०, नदीकाठ ३३. पुरस्कार महामार्गाला.

स्वच्छतेला ६० टक्के भार आणि बाकी दोघांना २०-२० दिला तर नदीकाठ ६०, महामार्ग ५८, घाट ३०. पुरस्कार नदीकाठाला.

तेच ६० टक्के वेळेला दिले तर घाट ७०, महामार्ग ५४, नदीकाठ २०. पुरस्कार घाटाला.

डॉक्टर तेच, साठा तोच, फरशी तीच. एकही आकडा खोटा नाही, गणितात कुठे चूक नाही, आणि तरी पहिला क्रमांक तीन वेळा तीन ठिकाणी गेला. मावशीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. 'पहिला' हे रुग्णालयाचं एकट्याचं वर्णन नसतं, ज्यानं भार ठरवले त्याचंही असतं.

चिंचोक्यांचा हिशोब

मग भार ठरवायचे कसे? मी एक प्रयोग केला. मावशीच्या ओसरीवर तीन वाट्या मांडल्या आणि तिच्या हातात वीस चिंचोके दिले. वाट्या तीन निकषांच्या. चिंचोके आपल्या मनाप्रमाणे वाटायचे.

इथं विचारण्यात एक मेख आहे, आणि ती मला फार महत्त्वाची वाटते. "स्वच्छता तुला किती महत्त्वाची?" असं विचारलं तर कुणीही "फार" म्हणेल. असा प्रश्न हवेत राहतो. विचारायचं असं: तिन्ही बाबतींत वाईटात वाईट दवाखाना तुझ्या वाट्याला आलाय. स्वच्छता ६०, वेळ ८० मिनिटं, औषधं ६०. यातली एकच गोष्ट सुधारून मिळणार आहे, एक तर स्वच्छता ९०, नाहीतर वेळ ३० मिनिटं, नाहीतर औषधं ९०. कोणती आधी मागशील? आणि मग दुसरी? भार नुसत्या निकषाला नसतो. वाइटापासून चांगल्यापर्यंत जेवढा पल्ला आहे त्या पल्ल्याला असतो. सगळीच रुग्णालयं जवळपास सारखी स्वच्छ असतील, तर स्वच्छता कितीही मोलाची असली तरी तिथं निवड करायला ती उपयोगाची नाही.

मावशीनं औषधांच्या वाटीत ११ चिंचोके टाकले, वेळेच्या ६, स्वच्छतेच्या ३. शेजारच्या घरात नुकतीच बाळंत होऊन आलेली मुलगी होती. तिनं स्वच्छतेला १२, औषधांना ५, वेळेला ३ दिले. "तिथं टाके पडतात, बाळ तिथं ठेवावं लागतं," एवढंच म्हणाली. तिसरे द्राक्षबागेत रोजानं जाणारे काका. त्यांनी वेळेला १३, औषधांना ५ आणि स्वच्छतेला २ दिले. दवाखान्यात दुपार झाली की त्यांचा रोज बुडतो.

मावशीच्या भारांनी महामार्ग पहिला येतो, ७४.५ गुणांनी. काकांच्या भारांनी घाट ७७.५. बाळंतिणीच्या भारांनी महामार्ग ६१ आणि नदीकाठ ६०, म्हणजे उन्नीस-बीस. यांतलं कुणाचं चुकलं? कुणाचंच नाही. तिघं तीन वेगळ्या गरजा घेऊन दवाखान्याची पायरी चढतात.

आकडेमोड करून झाल्यावर एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. आतापर्यंतच्या सगळ्या भारांत महामार्गालगतचं रुग्णालय एक तर पहिलं आहे नाहीतर दुसरं. बाकीची दोन वर-खाली कोलांट्या मारतात. क्रमांकापेक्षा ही माहिती कितीतरी पक्की आहे, कारण ती एकाच्या मतावर उभी नाही. भार थोडे हलवून क्रम टिकतो का हे तपासणं या शाखेत आवश्यक मानतात, पण जाहीर होणाऱ्या याद्यांत त्याचा उल्लेख क्वचित दिसतो.

जोड्या लावून भार काढणारा माणूस

तीन निकष असतील तर चिंचोके पुरतात. वीस असतील तर माणूस गोंधळतो. यावर थॉमस साटी यांनी १९७०च्या दशकात एक तोड काढली. जन्म इराकमधल्या मोसुलचा, काम अमेरिकेत. त्याआधी ते अमेरिकेच्या शस्त्रनियंत्रण खात्यासाठी काम करत होते. तिथं तज्ज्ञांची मतं निर्णयापर्यंत नेणं किती कठीण असतं हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं असं की वीस गोष्टी एकदम तोलणं जमत नाही, पण दोनच समोर ठेवल्या तर 'ही जास्त महत्त्वाची' हे कुणीही सांगतं. म्हणून जोड्या लावा. दोन्ही सारख्या असतील तर १, एक टोकाची महत्त्वाची असेल तर ९, मधलं मधे. सगळ्या जोड्यांच्या उत्तरांतून भार गणितानं काढायचे.

या रीतीतला मला सर्वांत आवडणारा भाग म्हणजे ती माणसाला त्याची विसंगती दाखवते. औषधं वेळेच्या तिप्पट महत्त्वाची, वेळ स्वच्छतेच्या दुप्पट, असं तुम्ही सांगितलंत. मग औषधं स्वच्छतेच्या सहापट हवीत. तुम्ही 'दोन्ही सारखी' म्हणालात तर कुठेतरी गफलत आहे. थोडी गफलत चालते, कारण माणूस तराजू नाही. साटींनी मर्यादा आखून दिली: विसंगतीचं गुणोत्तर ०.१०च्या वर गेलं तर जोड्यांचा पुन्हा विचार करा. मी हे कॉलेजात एका समितीवर करून बघितलं आहे. ज्येष्ठ मंडळी आपलीच दोन उत्तरं शेजारी शेजारी ठेवून बघतात तेव्हा होणारी चर्चा भारांपेक्षाही मोलाची असते.

आपल्याकडच्या मोठ्या याद्यांत भार आधीच ठरवून जाहीर करतात. देशातल्या शिक्षणसंस्थांची राष्ट्रीय क्रमवारी २०१६ पासून निघते. तिच्यात विद्यापीठं आणि अभियांत्रिकी संस्थांसाठी अध्यापन व साधनांना ३० टक्के, संशोधनाला ३०, पदवीनंतर काय हाती लागलं याला २०, सर्वसमावेशकतेला १० आणि लोकांच्या मनातल्या प्रतिमेला १० असे भार आहेत. पदवी महाविद्यालयांच्या यादीत अध्यापनाचा भार वाढतो, संशोधनाचा घटतो. कॉलेजं आणि विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅक या राष्ट्रीय संस्थेनं २०१७ साली आणलेल्या चौकटीतही १००० गुणांपैकी विद्यापीठात अध्यापनाला २०० आणि संशोधनाला २५०, तर संलग्न महाविद्यालयात अध्यापनाला ३५० आणि संशोधनाला विद्यापीठाच्या निम्म्याहूनही कमी. तालुक्याच्या गावच्या कॉलेजकडून आपण मुख्यतः चांगलं शिकवण्याची अपेक्षा ठेवतो, हे एक मूल्यविधानच आहे, आणि मला ते रास्त वाटतं. ते आकड्यांत लिहिलेलं आहे म्हणून त्याच्याशी वाद तरी घालता येतो.

गणितात नापास, मराठीत नव्वद

आतापर्यंतच्या बेरजेत एक गृहीतक गुपचूप बसलेलं आहे: एका निकषातली उणीव दुसऱ्यातल्या जास्तीनं भरून निघते. भाजीत मीठ कमी पडलं तर तिखट वाढवून चालेल, असं म्हणण्यासारखं हे आहे. कधी चालतं, कधी भाजी बिघडते.

दहावीच्या परीक्षेत आपण हे मानत नाही. मराठीत नव्वद मिळाले म्हणून गणितातले वीस झाकले जात नाहीत. प्रत्येक विषयात किमान गुण लागतातच. टक्केवारी बेरजेनं काढतो, पण पास-नापास बेरजेनं ठरवत नाही. ही दोन वेगळी गणितं आहेत आणि प्रत्येक मराठी घराला ती पाठ आहेत. तरी संस्थांचे गुण समोर आले की आपण ती विसरतो.

रुग्णालयाच्या बाबतीत तर हे विसरणं महागात पडतं. निर्जंतुकीकरणाचं यंत्र बंद आहे आणि बाग सुंदर आहे, यांची सरासरी काढण्यात काय अर्थ? केंद्र सरकारची कायाकल्प योजना २०१५ पासून सरकारी रुग्णालयांची स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट, संसर्गनियंत्रण असं तपासून बक्षिसं देते. औषधं आणि उपचार तपासायला दुसरी चौकट आहे, २०१३ साली आलेली राष्ट्रीय गुणवत्ता हमी मानकं. तिच्यात आठ विभाग आहेत: सेवा, रुग्णांचे हक्क, साधनसामग्री, पूरक सेवा, उपचार, संसर्गनियंत्रण, गुणवत्ता व्यवस्थापन आणि फलित. पूर्ण प्रमाणपत्रासाठी एकूण ७० टक्के मिळून भागत नाही, आठही विभागांत स्वतंत्रपणे ७० लागतात. दहावीचंच तत्त्व, फक्त रेघ वर. ज्यानं कुणी हे ठरवलं त्यानं रुग्णाच्या बाजूनं विचार केला, असं मी म्हणेन.

बर्नार रॉय या फ्रेंच गणितज्ञानं १९६०च्या दशकातच बेरीज टाळणाऱ्या रीती मांडल्या. त्यांत दोन संस्था शेजारी ठेवतात. पुरेशा निकषांत 'अ' ही 'ब'पेक्षा सरस असेल, आणि कुठल्याही एका निकषात 'अ' असह्य मागं नसेल, तरच 'अ' वरचढ. नाहीतर सरळ म्हणायचं की यांची तुलना होत नाही. तुलना होत नाही असं म्हणायची सोय असलेली पद्धत मला प्रामाणिक वाटते.

बेरीज आणि रेघ यांच्यामधली एक वाटही आहे. संयुक्त राष्ट्रांचा मानव विकास निर्देशांक १९९० पासून निघतो. त्यात आयुर्मान, शिक्षण आणि उत्पन्न यांची आधी साधी सरासरी काढत. २०१० पासून गुणाकाराची सरासरी काढतात. फरक असा: ९० आणि १० यांची साधी सरासरी ५०. त्यांचा गुणाकार ९००, त्याचं वर्गमूळ ३०. म्हणजे एका पायानं लंगडणाऱ्याला दुसरा पाय कितीही लांब असला तरी पूर्ण भरपाई मिळत नाही.

वारीतलं अंतर, आणि आपापल्या भारांची मुभा

आणखी दोन रीतींची नावं वाचनात येतात. एक आहे टॉप्सिस, १९८१ मध्ये ह्वांग आणि यून यांनी मांडलेली. कल्पना करा की सगळ्या निकषांत उत्तम असं एक आदर्श रुग्णालय आहे, आणि सगळ्यांत वाईट असं दुसरं. खरी रुग्णालयं या दोघांपासून किती दूर आहेत ते मोजायचं. वारीत आपण दोन्ही विचारतो, पंढरपूर किती राहिलं आणि घर किती मागं पडलं. सरळ रस्त्यावर एक कळलं की दुसरं कळतं; अनेक निकषांच्या मोकळ्या रानात तसं नसतं, म्हणून दोन्ही अंतरं लागतात.

दुसरी रीत, डेटा एन्व्हलपमेंट अॅनालिसिस, जास्त वेधक आहे. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांनी ती १९७८ मध्ये मांडली. ऱ्होड्स अमेरिकेतल्या गरीब मुलांसाठीच्या एका शालेय कार्यक्रमाचं मूल्यमापन करत होते, त्यातून ती निघाली. इथं भार वरून लादत नाहीत. प्रत्येक संस्थेला म्हणतात: तुझे डॉक्टर, खाटा, खर्च हे आम्ही घातलेलं, रुग्ण, प्रसूती, शस्त्रक्रिया हे तू दिलेलं. तुला सोयीचे भार तूच निवड, फक्त तेच भार बाकीच्यांना लावूनही बघू. तुझ्याच मर्जीचे भार घेऊनही कुणी तुझ्यापुढे गेलं, तर मात्र 'आमच्यावर अन्याय झाला' म्हणायला जागा नाही. दुर्गम भागातल्या रुग्णालयाला ही रीत न्याय देते. तिची अडचण अशी की संस्था थोड्या आणि निकष पुष्कळ असले की जवळजवळ सगळेच आपापल्या अंगणात पहिले येतात.

"शेवटी हवं ते उत्तर आकड्यांत बसवता येतंच ना?"

येतं. वर तीन वेळा करून दाखवलं. पण आकडे नसताना काय होतं ते बघा. पाच जणांची समिती बसते, चहा होतो, एक वजनदार सदस्य म्हणतात 'मला ते नदीकाठचं बरं वाटलं', आणि ठरतं. तिथंही भार होतेच, फक्त कुणाच्या तरी डोक्यात होते. कागदावर लिहिलेला भार विचारता येतो, खोडता येतो, ग्रामसभेत वाचता येतो. एकच अट घालावी: भार आधी ठरवून जाहीर करायचे, संस्थांचे आकडे नंतर उघडायचे. आकडे बघून भार ठरवले तर ती निवड राहत नाही, सजावट होते.

निकष निवडतानाही घोळ होतो. 'रोजचे रुग्ण' आणि 'काढलेले केसपेपर' असे दोन निकष ठेवले तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते आणि तिचा भार नकळत दुप्पट होतो. आणि मोजणार कसं? वाट पाहण्याची वेळ केसपेपर हातात आल्यापासून धरायची की त्याच्या रांगेत उभं राहिल्यापासून? आमच्याकडे सोमवारी, बाजाराच्या दिवशी, या दोहोंत पाऊण तासाचा फरक पडतो. कुठलंही गणित तो पाऊण तास परत आणून देणार नाही.

"शेवटचा कुणीतरी आला आणि पहिला बदलला, हे कसं?"

हा आक्षेप ऐकायला विचित्र वाटतो, पण खरा आहे. स्वच्छतेला ६० टक्के भार होता तेव्हा नदीकाठ ६० गुणांनी पहिलं होतं आणि महामार्ग ५८. आता यादीत चौथं रुग्णालय आणू: स्वच्छता ३०, वेळ ८० मिनिटं, औषधं ६०. कुठल्याच बाबतीत ते कुणाच्या पुढे नाही, त्याला शून्य गुण. पण स्वच्छतेचा तळ ६० वरून ३० वर गेला, त्यामुळे महामार्गाचे स्वच्छतेतले गुण ५० चे ७५ झाले. नवी बेरीज: महामार्ग ७३, नदीकाठ ६०, आणि ३० वर असलेला घाटही ६० वर येऊन नदीकाठाच्या बरोबरीला बसला.

साटींच्या रीतीत असा उलटफेर होतो हे बेल्टन आणि गिअर यांनी १९८३ मध्ये दाखवलं आणि त्यावर बरीच वर्षं वाद झाला. उपाय साधा आहे. माप इतरांवरून ठरवू नका. शून्य कशाला आणि शंभर कशाला हे आधीच पक्कं करा, उदाहरणार्थ दोन तास वाट पाहणं म्हणजे शून्य. मग कुणी आलं-गेलं तरी तुमचे गुण तुमचेच राहतात. एखादी संस्था वर्षात दहा पायऱ्या घसरली अशी बातमी वाचाल तेव्हा तिचे स्वतःचे गुण कमी झाले की यादीत नव्या संस्था आल्या, हे बघून घ्या.

"मग संस्था फक्त गुणांसाठी काम करतील"

या आक्षेपावर माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञांनी १९७५ मध्ये चलनविषयक धोरणाच्या संदर्भात जे मांडलं त्याचा सार असा की माप हेच उद्दिष्ट झालं की ते चांगलं माप राहत नाही. तपासणीच्या आदल्या दिवशी भिंती रंगतात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. वरच्या पातळीवरही तेच. देशांत उद्योग करणं किती सोपं आहे याची जागतिक बँकेची क्रमवारी जगभर गाजत होती, सरकारं तिच्यावर डोळा ठेवून नियम बदलत होती. २०१८ आणि २०२०च्या अहवालांतल्या आकड्यांत गडबड आढळली आणि सप्टेंबर २०२१ मध्ये बँकेनं तो अहवालच बंद केला.

काही काळजी घेता येते. तपासणी न सांगता करायची. फाइलींबरोबर रुग्णांनाही विचारायचं. निकष अधूनमधून बदलायचे. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे एका बेरजेमागे लपलेले सुटे गुण छापायचे. बेरजेचा आकडा रंगवता येतो. 'औषधं ६०' लपवणं अवघड जातं, कारण खिडकीवर गेलेल्या प्रत्येकाला ते माहीत असतं.

मग नंबर बघायचाच नाही का?

बघा, पण त्याच्या मागे जा. मुलीला कॉलेज निवडताना एकूण क्रमांकाऐवजी अध्यापनाचे आणि नोकरी-पुढच्या शिक्षणाचे सुटे गुण काढा आणि तुमचे भार लावा. चौतिसावी आणि एकेचाळिसावी संस्था यांत बहुधा तसूभर फरक असतो. त्यावर घर सोडायचा निर्णय बेतू नका. रुग्णालयाचा फलक दिसला तर तो कशाच्या तपासणीचा आहे, स्वच्छतेच्या की उपचारांच्या, ते वाचा.

चिंचोक्यांचा कागद मी आमच्या रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीपुढे ठेवला. वैद्यकीय अधीक्षकांनी तो नीट वाचला. म्हणाले, औषधांची खरेदी माझ्या हातात नाही, साठा दाखवणं मात्र आहे. पुरस्काराच्या फलकाशेजारी त्यांनी एक पांढरा फळा लावला. 'यादीतील १०० औषधांपैकी आज उपलब्ध', आणि पुढे आकडा, रोज सकाळी पुसून नव्यानं लिहिलेला.

परवा मावशी गेली तेव्हा फळ्यावर ८२ होतं. ती थांबली, वाचलं, आणि मग खिडकीशी जाऊन तिनं विचारलं, "माझी गोळी ब्याऐंशीत आहे की अठरात?"